टेकडीवरची नाडी

बोरटेक, ता. झरी जामणी
पौष, तुरी सोंगायचे दिवस

तीर्थरूप रामरावदादांस,

धाकट्या तानीचा खाली वाकून नमस्कार. वयनीले नमस्कार, कपिलले आशीर्वाद, अन् तुमच्या उजव्या गुडघ्याले वेगळा नमस्कार, कारण तो बिचारा माह्यापायी नेरवरून पांढरकवड्यापर्यंत आला अन् चहाही न घेता माघारी गेला. गुडघ्याचं आता कसं आहे? एरंडाच्या पानाचा शेक घेता का, की अजून त्या पेपरातल्या जाहिरातीच्या तेलावरच भरवसा आहे? (पत्रात मी तुम्हाले 'तुम्ही' म्हणून राह्यली. शाळेत मास्तरीणबाईनं वडिलधाऱ्यांले असंच लिहायचं म्हणून शिकवलं होतं, अन् सातवीनंतर मले कोणी दुसरं काही शिकवलं नाही. भेटल्यावर 'तू' आहेच.) आमच्या इकडची खुशाली अशी की हे जिवंत आहेत. अशी खुशाली लिहायची रीत नाही, मालूम आहे मले. पण मागं तुमच्यापर्यंत उलटी खबर पोचली, म्हणून आधी हेच लिहिणं भाग आहे. माह्या तब्येतीचं विचाराल तर विचारू नका, मले काय धाड भरली? मी टणटणीत आहे.

तुम्ही रागावले हे बरोबरच आहे. बहिणीचा नवरा गेला असं ऐकून माणूस वयनीले घेऊन, पिशवीत बहिणीसाठी दुखवट्याचं लुगडं घेऊन, दोन गाड्या बदलून निघते, अन् पांढरकवड्याच्या स्टँडवर आमच्या गावचा माणूस भेटून सांगते की ते तर सकाळी पारावर बसून बिडीवाल्याशी भांडून राह्यले होते. कोणालेही राग येईन. तुम्ही मंग त्याच माणसाजवळ निरोप धाडला, की मेला नसला तर तसं कळवायची रीत असते. तो निरोप मले शब्दाले शब्द मिळाला. आता कळवते. पण सारं पहिल्यापासून सांगावं लागन, दम धरून वाचा.

पहिलं म्हणजे फोन सोडून पत्र काहून लिहून राह्यली. आमच्या गावात टॉवर आहे. म्हणजे उभा आहे. त्याचं उद्घाटन झालं तेव्हा पेढे वाटले, एक मीही खाल्ला. मंग त्याले लाईन जोडायची राह्यली, ती राह्यलीच. आता त्याच्यावर वानरं बसतात, अन् तिथून आमच्या तुरी त्यायले चांगल्या दिसतात. रेंज मिळते ती म्हसोबाच्या टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली, तेही तेलंगणाकडं तोंड करून उभं राह्यलं तर. फोन लावला की आधी एक बाई तेलुगूत बरंच काही बोलते, ते झालं की मंग आपलं माणूस. त्या मोहाखाली संध्याकाळी अर्धं गाव जमते. पंजाबराव, म्हणजे आमचे शेजारी, कापसाचा भाव पाहायले येतात अन् भाव पाहून झाला तरी जात नाहीत. कोणाची सून माहेरी काय बोलली, कोणाच्या पोराले नोकरीचं काय कळलं, सारं तिथं मोठ्यानं बोलावं लागते, कारण हळू बोललेलं पलीकडं ऐकू जात नाही. टेकडीवर बोललं की गावात दवंडी पिटायची गरज नाही. म्हणून ज्याले मनातलं सांगायचं आहे त्यानं पत्रच लिहावं, असं मी ठरवलं आहे.

आता घड्याळाचं. मागच्या साली पोळ्यानंतर यायच्या, म्हणजे दिपालीच्या बाबांच्या, छातीत कळ आली, नागपूरले नेलं, डॉक्टरनं आत स्प्रिंग बसवली, हे तुम्हाले मालूमच आहे, तुम्ही तेव्हा भेटायले आले होते अन् संत्री आणली होती. (आंबट होती. तेव्हा बोलली नाही.) दवाखान्यातून दिपालीनं सरळ पुण्याले नेलं, सातव्या मजल्यावर. पोरीनं काही कमी केलं नाही, जावयानं तर यायच्यासाठी खुर्ची आणली, जी बसलं की आपोआप मागं जाते. पण हे त्या खुर्चीत बसून खिडकीतून खालच्या गाड्या पाहत राहत. कुंडीत एक तुळस होती, तिले यायनं रोज एवढं निंदलं-खुरपलं की ती मेली. शेवटी बोलणंच बंद झालं. जेवायले बसले की अर्धी पोळी ठेवून उठत. दादा, आजारानं माणूस जितका खंगला नव्हता तितका त्या महिन्यात खंगला. मले ते पाहवत नव्हतं. मी दिपालीशी भांडली, रडली, अन् यायले घेऊन गावाले आली. गावात पाय ठेवला अन् यायनं सगळ्यात आधी वावरात जाऊन सालदाराले शिव्या दिल्या, तेव्हा माह्या जिवात जीव आला.

दिपाली ब्यांकेत आहे, त्याच्यामुळं तिचं सारं अटीवर चालते. तिची अट अशी, की बाबांच्या हातावर ती देईन ते घड्याळ राहीन, त्याची खबर रोजच्या रोज तिच्या फोनवर येईन, तोवर तुम्ही खुशाल गावात राहा. खबर बंद पडली, नाही तं खबरीत काही वाकडं दिसलं, तं ती गाडी घेऊन येईन, घराले कुलूप लावन अन् दोघांलेही उचलून पुण्याले नेईन. घड्याळ रजतनं आणलं. (जावई स्वभावानं गरीब आहे, फक्त सामान विकत घ्यायची खोड आहे.) ते काळं, चौकोनी आहे. नाडी मोजते, पावलं मोजते, झोप मोजते. हे घोरतात हे मी लग्न झाल्यापासून सांगून राह्यली, यायनं कधी मानलं नाही. घड्याळानं एका सकाळी सांगितलं, तं लगेच पटलं. त्याच्या पोटात सिम आहे. दिवसभराचं सारं ते पोटात साठवते अन् रेंज दिसली की एका दमात पुण्याले ओकते. रजतनं पुण्यात करून दाखवलं तेव्हा बम छान चाललं. फक्त आमच्या गावात रेंज कुठं आहे, हे त्यायले कोणी विचारलं नव्हतं अन् त्यायनंही आम्हाले विचारलं नव्हतं.

मंग असं झालं, की डॉक्टरनं यायले चढण मना केलेली, अन् हृदय ठीक आहे हे कळवायले टेकडी चढणं भाग. म्हणजे ठीक आहे हे कळवता कळवताच ते बिघडायचं. पहिल्या दिवशी हे गेले, तं अर्ध्या वाटेत घड्याळानंच हात थरथरवून 'थोडं बसा' असं लिहून दाखवलं म्हणे. दुसऱ्या दिवशीपासून मी नेईन असं ठरलं. मी लहानपणापासून डोक्यावर भारा घेऊन चालणारी, मले टेकडीचं काय? संध्याकाळी यायच्या हातचं घड्याळ काढलं, पदराच्या गाठीत पक्कं बांधलं अन् निघाली. आता घड्याळाले माणसाच्या कातडीची सवय. ते गाठीत गेलं, तिथं त्यानं नाडी शोधली, सापडली नाही. मोहाखाली गेली तशी त्याले रेंज मिळाली, अन् त्यानं इमानदारीनं पुण्याले कळवलं की नाडी लागून नाही राह्यली. मी आपली थोडा वेळ उभी राह्यली, घड्याळाचं ओकून झालं असंन असं समजून खाली उतरली, अन् चूल पेटवली.

तिकडं दिपालीनं फोन केला, तो कोणाले? मोहाखाली उभ्या असलेल्या पंजाबरावले. ती रडत एवढंच म्हणाली की बाबांची नाडी लागत नाही असं दिसते, जरा घरी जाऊन पाहून या. पंजाबरावचा स्वभाव तुम्हाले मालूम आहे, अर्धं ऐकतात अन् पूर्ण सांगतात. मोहाखाली जेवढे होते तेवढ्यांनी आपापल्या सोयऱ्यांले फोन लावले. त्यात कोणाची तरी पोरगी नेरले दिली आहे, तिच्यामार्फत तुम्हाले कळलं. आमच्या टेकडीवरची रेंज तेवढ्या एका संध्याकाळी पुरी वापरली गेली. इकडं मी भाकरी थापून राह्यली, हे ठेच्यासंगं भाकर खाऊन राह्यले, अन् दारात माणसं. पुरुष टोप्या काढून उभे. शेजारची मैनाबाई आली अन् माह्या गळ्यात पडून रडू लागली. मले वाटलं तिच्या घरचं कोणी गेलं, मीही रडली. मोठ्यानं रडली. हे हातात भाकर घेऊन बाहेर आले अन् विचारू लागले, कोण गेलं? शेवटी पंजाबरावनं यायचं नाव घेऊन एवढंच विचारलं, "तुम्ही जेवून राह्यले?"

यायले त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी कोण आलं अन् कोण नाही आलं हे यायनं ध्यानात ठेवलं आहे, अन् न आलेल्यांशी अजून नीट बोलत नाहीत. तुम्ही पांढरकवड्यापर्यंत आले म्हणून तुमचा नंबर वरचा आहे, फिकर करू नका.

त्यानंतर दिपालीनं अट कडक केली. आता घड्याळ हातावरून उतरलं अन् तसंच राह्यलं की तिच्या फोनवर घंटी वाजते. मंग मी एक युक्ती काढली. ती इथं लिहीत नाही, पण तेव्हापासून घंटी एकदाही वाजली नाही अन् खबर रोज वेळेवर जाऊन राह्यली. मी मनात म्हटलं, झालं, पुणं टळलं. पण खबर पोचायले लागली अन् खबरीत वाकडं निघालं. दिवसभर यायची नाडी गाईसारखी शांत. संध्याकाळ झाली की बिघडते. धावते काय, मधातच ठोका गाळते काय, पुन्हा धावते काय. दिपालीनं पुण्याच्या डॉक्टरले दाखवलं, त्यायनं पथ्य लिहून दिलं. मीठ बंद. ठेचा बंद. लोणचं बंद. रोज अळणी दुधी. हे म्हणत, मले काहीच होऊन नाही राह्यलं. मी म्हणायची, घड्याळ खोटं बोलते काय? अन् ताटात दुधी वाढायची. दादा, यायनं आयुष्यात दुधीकडं पाह्यलं नाही, अन् आता तोंड वाकडं करून खातात, पण पुण्याच्या भेवानं खातात. (आंब्याच्या लोणच्याच्या बरणीतल्या फोडी मात्र कमी झाल्या आहेत. मी पाह्यलं आहे. मले आंधळी समजतात.)

दिवाळी झाली अन् दिपाली-रजत गाडी घेऊन आले. डिक्कीत नवंकोरं कुलूप होतं, मी पाह्यलं. आधी नागपूर, मंग काय ते ठरवू, असं ती म्हणाली. नागपूरच्या डॉक्टरनं यायच्या छातीले यंत्र बांधलं, दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त काढलं, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. अन् शेवटी म्हणाला, बाबांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. मंग त्यानं घड्याळातून आलेली रेघ उघडून पाह्यली, बराच वेळ पाह्यली, अन् यायले विचारलं की तुम्ही रोज संध्याकाळी असं काय करता? यायनं तोंड उघडलं. मी टेबलाखाली यायच्या पायावर पाय दिला अन् म्हटलं, टेकडीवर फिरायची सवय आहे यायची. डॉक्टर म्हणाला, मग घड्याळच बिघडलं आहे. रजतचा चेहरा उजळला. त्यानं तिथंच दुसरं, त्याच्याहून महागाचं घड्याळ मागवलं.

नव्या घड्याळानंही टेकडीवर तेच सांगितलं. आता दोन दोन घड्याळं तर बिघडत नाहीत, म्हणून रजतनं नवा शोध लावला, की दोष रेंजचा आहे. रेंज कमजोर असली की ठोके वाटेत गळतात, असं त्यानं दिपालीले कागदावर काढून समजावलं. गावाले ते लगेच पटलं. पंजाबराव म्हणतात, खबर तेलंगणातून फिरून जाते, तिकडं त्यायले आपले ठोके समजत नसतील. मैनाबाई म्हणते, टेकडी म्हसोबाची, त्याले विचारल्याशिवाय तिथं मशीन नेली, तो गप्प कसा बसन? मंग म्हसोबाले नारळ फोडलं, टॉवर चालू करा म्हणून अर्जावर साऱ्या गावानं सह्या केल्या, अन् सगळ्यांचं एकमत झालं की बोरटेकमध्ये कोणाचंही हृदय बिघडलेलं नाही, बिघडली आहे ती रेंज. दिपाली कुलूप परत घेऊन गेली. संक्रांतीपर्यंत पाहते म्हणाली. तोवर रेघ सुधारली नाही तं रेंज असो नसो, नेणारच.

तर त्या दिवशीची अन् त्यानंतरची हकीकत ही अशी आहे. यात माहा दोष पदराच्या एका गाठीएवढा, बाकी घड्याळाचा, टॉवरचा अन् पंजाबरावचा. राग सोडून द्या. तुरी यंदा बऱ्या आहेत, वानरांनी ठेवल्या तेवढ्या. डाळ झाली की धाडते. गुडघ्याले जपा, वयनीशी भांडू नका, अन् लहान बहिणीच्या हातून चुकलंमाकलं ते पोटात घालून मोठेपण राखा.

तुमची
तानी

ता. क. ते लुगडं वयनीनं दुकानात परत केलं असं ऐकलं. परत केलं नसंन तर ठेवा. रंग चांगला असला तं मी यायच्यासमोर तसंच नेसन.

ता. क. दुसरं असं, की कपिलसाठी पोरगी पाहायची आहे, आत्याशिवाय पोरगी पाहायले जाता येत नाही, असं एक बोलावणं इकडं धाडा. भावानं बोलावणं धाडल्याशिवाय, न्यायले मुऱ्हाळी आल्याशिवाय मी आजवर माहेरी गेली नाही, आताच कशी जाऊ? लोक विचारतील. कपिलच मुऱ्हाळी म्हणून गाडी घेऊन आला तं चांगलं. पोरगी खरंच नसली तरी चालते. पण कपिलले तसं सांगू नका, उगाच आस लावून बसन.

ता. क. दादा, आता खरं सांगते. युक्ती अशी होती, की यायच्या हातचं घड्याळ काढलं की अंगणाबाहेर पडायच्या आत ते मी माह्या हातावर चढवते, बांगड्यांच्या वर, पदराखाली. तेवढ्यानं घंटी वाजत नाही. त्याले नाडी मिळाली की ते गप्प बसते, कोणाची आहे हे विचारत नाही. ती संध्याकाळची नाडी यायची नाही, माही आहे. मोहाच्या अलीकडं एक चपटा दगड आहे, आधी तो मले दिसतही नव्हता, आता तिथं बसल्याशिवाय पुढं जाववत नाही. डोळ्यापुढं अंधारी येते अन् डावा हात जड होते. नागपूरचा डॉक्टर ती रेघ पाहून म्हणाला होता, की हे खरं असतं तर या माणसाला मी घरी जाऊच दिलं नसतं. सारे हसले, मीही हसली. यायच्या पायावरचा पाय काढायचं मात्र ध्यानात राह्यलं नाही.

माह्या हृदयाचं पथ्य हे पाळून राह्यले, दादा. मी वाढते अन् हे खातात. दिपालीले सांगितलं तं ती कुलूप घेऊन येईन, अन् हे माह्यापायी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील. ह्या वेळी तिथून परत येतील असं मले वाटत नाही. मरायचं भेव नाही असं लिहिणार होती, पण तुले खोटं कायले लिहू, तेही आहे. यवतमाळले तुह्या ओळखीचा डॉक्टर आहे ना, त्याले गुपचूप दाखव मले. संक्रांतीच्या आधी. मुऱ्हाळी पाठव रे. ('तू' लिहून राह्यली, मास्तरीणबाईनं माफ करावं.)

ता. क. पाकीट मुकुटबनले हेच जाऊन टाकतील, दुसरं कोणी जाणारं नाही. पण वाचायची भीती नाही. यायचा चष्मा मी लपवून ठेवला आहे.

*

रामरावजींस बापूजीचा रामराम.

चष्मा ज्वारीच्या कोठीत सापडला. मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. पण जिनं लग्न झाल्यापासून कोणाले पत्र लिहिलं नाही, तिनं परवा एवढं जाड पाकीट हातात दिलं अन् वरून उघडू नका म्हटलं, तं माणूस काय करन? डिंकही ओला होता.

लोणच्याचं खरं आहे, फोडी मीच खाल्ल्या. सालदाराले शिव्या दिल्या नव्हत्या, समजावून सांगितलं होतं. बाकी तिनं लिहिलं ते बरोबर आहे, अन् त्यातलं जे तुमच्यासाठी नवं आहे ते माह्यासाठी नवं नाही. नागपूरले तिनं पायावर पाय दिला तो नखावर बसला, नख अजून काळं आहे. तेव्हाच मले समजलं होतं. घड्याळ दुसऱ्या कोणाच्या हातावर चढल्याशिवाय गप्प बसत नाही, हे समजायले डॉक्टर कायले लागते? तरी मन मानत नव्हतं. म्हणलं, रजत म्हणते तसं रेंजचंही असंन.

म्हणून काल ती वावरात गेलती तवा घड्याळ माह्याच हातावर ठेवून मी टेकडी चढलो. हळूहळू, बसत बसत. मोहाखाली गेलो अन् पंजाबरावच्या फोनवरून दिपालीले लावला. तेलुगूवाली बाई झाली, मंग पोरगी बोलली. म्हणे, बाबा, आज सारं एकदम बरोबर दिसून राह्यलं, तुमच्याकडची रेंज सुधारली वाटते. दुसऱ्या कोणाले आनंद झाला असता. मले खाली बसावं लागलं, रामरावजी. मंग म्हटलं, "रेंज पहिल्यापासून चांगलीच आहे पोरी. तुही आई चांगली नाही. गाडी काढ अन् ते कुलूप घेऊन ये, आम्ही दोघं येतो."

टेकडीवर हळू बोलता येत नाही हे तुम्ही वाचलंच. पंजाबराव तिथंच रडले. आता गावातल्या बारक्या पोट्ट्यालेही मालूम आहे, एक तानी सोडून. पंजाबरावनं पहिल्यांदाच एक गोष्ट पोटात ठेवली आहे, तिच्यापुरती तरी. आज ती घड्याळ घेऊन टेकडीकडं निघाली, तं मैनाबाईनं वाटेतच पकडलं, पापड लाटायले बसवलं. उद्या दुसरी कोणी पकडन.

तुम्ही कपिलले पाठवाच, पत्र पोचल्याबरोबर. मुऱ्हाळी आला म्हटलं की ती हसत गाडीत बसन. दिपाली इथं आली तं तानी अडून बसन, म्हणून ती यवतमाळले तुमच्या डॉक्टरच्या दारात उभी राहीन, तसं बोलणं झालं आहे. तिथं जे निघन ते पाहू, अन् मंग पुणं. तिच्या शिव्या खायचं काम माह्याकडं. सातव्या मजल्याचं माहं मी पाहून घेईन. तुळशीले हात लावणार नाही असा शब्द दिपालीले दिला आहे.

पथ्याचं मात्र थांबता येत नव्हतं, अन् तिले सांगताही येत नव्हतं. म्हणून आज जेवताना म्हटलं, मले एकट्याले हे अळणी उतरत नाही, तूही वाढून घे. ती म्हणे, मले कायले? मले काय धाड भरली? म्हटलं, संगतीले. बरीच कुरकुरली. मंग बसली अन् दुधी खाल्ला. मिठाचा डबा मी चष्म्याच्या जागी ठेवला आहे.

आपला
बापूजी